डोमेन मालकीचं ठेवा, पेटी भाड्याची घ्या

पत्र

दादा, नमस्कार. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून पुण्याच्या आणि होसूरच्या कंपन्यांना पाठवतो. सगळी मिळून चौदा माणसं. शॉप हे बघतात. ऑफिस, बिलं आणि मेल माझ्याकडे. वेबसाइटबरोबर मिळालेला मेल आम्ही वापरतो, वर्षाला ४,५०० रुपये. पण वर्षभर आमची कोटेशनं ग्राहकाच्या स्पॅममध्ये जातायत. मागच्या महिन्यात एक चांगली इन्क्वायरी त्यामुळेच हातची गेली. एक संगणकवाले म्हणतात, ऑफिसातच स्वतःचा मेल सर्व्हर बसवा, १,२०,००० रुपये एकदाच आणि देखभालीचे वर्षाला १८,०००. दुसरे म्हणतात, क्लाउडवर घ्या, माणशी महिना २५० रुपये, अगदी साधी ५ जीबीची पेटी हवी असेल तर ६०. भाचा म्हणतो, सगळ्यांना जीमेल काढून द्या, फुकट. आम्हाला बारा पत्ते हवेत. माझ्या आउटलूकमध्ये २०१४ पासूनचे मेल आहेत, ३८ जीबी. डोमेन ज्या मुलाने वेबसाइट करून दिली त्याच्याच नावावर आहे, तो आता पुण्यात नोकरी करतो. परवडेल आणि सारखं बघावं लागणार नाही असं काहीतरी सांगा.
एक वाचक, शिरोली

उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही विचारलंय सर्व्हरबद्दल, पण मला काळजी वाटली ती तुमच्या शेवटच्या काही ओळींपैकी एकीची. डोमेन, म्हणजे तुमच्या मेल पत्त्यात @ नंतर येणारं नाव, त्या मुलाच्या नावावर आहे. तो मुलगा सज्जनच असणार, नाहीतर तुम्ही इतक्या सहज लिहिलं नसतं. पण उद्या त्याचा फोन नंबर बदलला, नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या मेलवर गेली आणि कुणी पाहिली नाही, तर तुमची वेबसाइट आणि बाराच्या बारा पत्ते एकाच दिवशी बंद पडतील. तेव्हा सर्व्हर लाखाचा असो की फुकटचा, काही उपयोग नाही. म्हणून सर्व्हरचं दरपत्रक बाजूला ठेवा आणि आधी त्याला फोन लावा.

त्याच्याकडून दोन गोष्टी हव्यात. डोमेन ज्या कंपनीकडे नोंदवलंय तिथे तुमच्या फर्मच्या नावाने खातं उघडून त्यात डोमेन हलवून घ्यायचं. एकाच कंपनीत दोन खात्यांमध्ये हलवणं बहुतेक ठिकाणी सोपं असतं. दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं असेल तर एक गुप्त कोड लागतो, तो त्याच्या खात्यातून मिळतो. आणि नव्या खात्यात मालकाचं नाव, फोन, मेल तुमचा घालायचा. इथे एक चूक फार लोक करतात. संपर्काचा मेल म्हणून त्याच डोमेनवरचा पत्ता देतात. डोमेन बंद पडलं की तो पत्ताही बंद, म्हणजे सोडवायला येणारी चिठ्ठी त्याच कुलपात अडकते. तिथे तुमचा किंवा यांचा खाजगी जीमेल पत्ता द्या. नूतनीकरण एकदम पाच वर्षांचं करून टाका. मुदत संपून गेल्यावरही डॉट कॉमचं डोमेन काही काळ सोडवता येतं, अगदी रद्द झाल्यावरसुद्धा ३० दिवसांची मुभा असते, पण त्या टप्प्यावर दंड मोठा पडतो आणि तोवर मेल बंदच राहतो.

हे इतकं खेचून सांगतोय कारण तुमच्या सगळ्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे. मेल कसा पोचतो ते थोडं समजून घेतलं तर पुढचा निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल.

पुण्याचा ग्राहक तुमच्या पत्त्यावर मेल पाठवतो तेव्हा त्याचा सर्व्हर आधी विचारतो, या डोमेनची टपाल कोण घेतं? याचं उत्तर तुमच्या डोमेनच्या डीएनएस नोंदींत, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीत असतं, एमएक्स नावाच्या ओळीत. मेल पाठवण्याचा नियम, म्हणजे एसएमटीपी, १९८२ साली लिहिला गेला आणि ही एमएक्सची सोय १९८६ साली आली. त्या ओळीत आज तुमच्या वेबसाइटवाल्यांचा सर्व्हर लिहिलेला आहे. उद्या तिथे दुसऱ्या कंपनीचं नाव घातलं की मेल तिकडे जायला लागेल. तुमचा पत्ता तोच, व्हिजिटिंग कार्डं तीच, ग्राहकाला काही कळतही नाही. म्हणजे पत्ता आणि पेटी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पत्ता तुमचा असला की पेटी कुणाचीही घ्या, आवडली नाही तर पुढच्या वर्षी बदला. ज्याच्या हाती डोमेन, त्याला सर्व्हरवाला कधी अडवू शकत नाही. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्यानंतर कित्येक कारखान्यांनी कार्डावर विदेश संचारचे आणि मग रेडिफमेलचे पत्ते छापले. पुढे ते बदलायची वेळ आली तेव्हा ग्राहक, बँका, सरकारी खाती सगळीकडे कळवत बसावं लागलं, कारण पत्त्यातलं नाव दुसऱ्याचं होतं.

आता भाच्याचा सल्ला. साध्या जीमेलमध्ये पेटी चांगली आहे, १५ जीबी जागा आहे, स्पॅम गाळण्यात त्याच्या तोडीचं थोडंच आहे. पण ते खातं माणसाचं असतं, फर्मचं नाही. तुमचा डिस्पॅचवाला उद्या दुसरीकडे गेला तर ट्रान्सपोर्टरशी झालेला सगळा पत्रव्यवहार, ग्राहकांचे पत्ते, डिलिव्हरीच्या तारखा त्याच्या खिशात जातील आणि त्याचा पासवर्ड बदलून घेण्याचा अधिकार तुम्हाला नसेल. शिवाय होसूरच्या मोठ्या कंपनीचा खरेदी विभाग नवा पुरवठादार नोंदवताना पत्ता बघतोच. भाच्याचा हेतू चांगला आहे, पण धंद्यासाठी हे करू नका.

ऑफिसातल्या सर्व्हरबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण ते आयुष्य मी जगलोय.

मी अकरा वर्षं एका कारखान्याचा मेल सर्व्हर सांभाळला. लिनक्सवर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट. दोन्ही खुल्या परवान्याची, फुकट आणि फार उत्तम सॉफ्टवेअर आहेत, जगातला पुष्कळ मेल आजही त्यांच्यावर चालतो. तेव्हा तुमच्या संगणकवाल्यांनी सॉफ्टवेअरचं नाव काहीही सांगितलं तरी त्यात दोष काढण्यासारखं नसेल. अडचण सॉफ्टवेअरच्या बाहेर आहे. एका शनिवारी रात्री आमच्या स्टोअरच्या माणसाचा पासवर्ड कुणीतरी ओळखला. कंपनीचं नाव आणि पुढे एक दोन तीन, एवढाच होता. सकाळपर्यंत आमच्या सर्व्हरवरून हजारो भामटे मेल बाहेर गेले. मला रविवारी दुपारी कळलं, तेसुद्धा मालकांचा मेल परत आला म्हणून. तोवर आमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आमच्या सर्व्हरचा क्रमांक, काळ्या यादीत गेला होता. यादीतून नाव काढून घेणं दोन दिवसांत झालं, पण मोठ्या मेल कंपन्यांचा आमच्यावरचा विश्वास परत यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत आमची प्रत्येक पीओची, म्हणजे पर्चेस ऑर्डरची पोच, प्रत्येक टेस्ट सर्टिफिकेट फोन करून 'स्पॅममध्ये बघा हो' म्हणून सांगावं लागलं. मार्चएंड होता. मालकांच्या चेहऱ्यावरचा तो ताण मला आजही आठवतो आणि म्हणून मी कुठल्याही छोट्या युनिटला, ज्यांच्याकडे पूर्णवेळ सिस्टिमचा माणूस नाही त्यांना, ऑफिसात मेल सर्व्हर ठेवा असं कधी सांगत नाही.

तुमची तक्रार मेल स्पॅममध्ये जातो ही आहे ना? मग हेही ऐका. ऑफिसच्या ब्रॉडबँडवरून थेट मेल पाठवणाऱ्या यंत्राकडे जग आधीपासूनच संशयाने बघतं. घरगुती आणि बदलत्या आयपी पत्त्यांच्या याद्या स्पॅमहाउससारख्या संस्था ठेवतात आणि पुष्कळ सर्व्हर त्या बघून दार लावतात. त्यासाठी स्थिर आयपी घ्या, त्याची उलटी नोंद, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी ओळ, इंटरनेटवाल्याकडून करून घ्या, २५ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे एका सर्व्हरने दुसऱ्याला मेल द्यायचं दार, उघडून घ्या. एवढं करून नवा आयपी म्हणजे गावात नवा आलेला माणूस, त्याला उधारी मिळायला वेळ लागतो. म्हणजे १,२०,००० खर्चून तुमचं मूळ दुखणं तसंच राहायची किंवा वाढायची शक्यता जास्त.

आणि तो खर्चही एकदाच नाही. तुमचेच आकडे घेतो. यंत्र १,२०,०००, पाच वर्षांची देखभाल ९०,०००. यंत्र रात्रंदिवस चालणार. १०० वॅट धरले तर वर्षाला ८७६ युनिट, युनिटला १० रुपये धरले तरी पाच वर्षांत ४३,८००. झाले २,५३,८००. यात स्थिर आयपीचं भाडं नाही, यूपीएसच्या बॅटऱ्या नाहीत, बॅकअपची डिस्क नाही आणि वीज गेली, जनरेटर सुरू झाला, सर्व्हर उठलाच नाही म्हणून तुम्ही ज्या संध्याकाळी ऑफिसात थांबाल त्याचा हिशोबही नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२चे निर्देश आहेत, त्यांनुसार सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि सायबर घटना घडली तर ६ तासांत कळवावी लागते. सर्व्हर तुमच्या छताखाली आला की नोंदी जपायचं कामही तुमच्याकडे आलं.

काही जण याच्या मधला रस्ता सुचवतील. महिन्याच्या भाड्याने क्लाउडवर एक छोटं यंत्र घ्यायचं आणि त्यावर मेलकाउ किंवा मेल-इन-अ-बॉक्ससारखं तयार सॉफ्टवेअर टाकायचं, मग पेट्या कितीही काढा. वीज आणि यूपीएसचा प्रश्न सुटतो हे खरं. पण ॲमेझॉन, गूगल, डिजिटलओशन यांच्या यंत्रांवर २५चं पोर्ट बाहेर जाण्यासाठी मुळातच बंद असतं, स्पॅमवाल्यांनी पूर्वी केलेल्या उपद्रवामुळे. आणि वर सांगितलेली शनिवारची रात्र तिथेही येतेच. शंभर-दीडशे पेट्या असतील आणि घरचा जाणकार माणूस असेल तर मी स्वतः हाच मार्ग घेईन. बारा पत्त्यांसाठी नाही.

तर भाड्याची पेटी. पण ती घेण्याआधी अर्ध्या तासाचं एक फुकटचं काम करा. कदाचित तुमचं स्पॅमचं दुखणं आजच्याच मेलवर बरं होईल.

फर्मच्या पत्त्यावरून तुमच्या खाजगी जीमेलवर एक कोटेशन पाठवा. संगणकावर जीमेल उघडून त्या मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत 'शो ओरिजिनल' दाबा. वर एक छोटा तक्ता दिसेल, त्यात एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क अशी तीन नावं आणि पुढे पास किंवा फेल असेल. एखादं नाव दिसलंच नाही, तर ती नोंद तुमच्याकडे नाही असं समजा. एसपीएफ म्हणजे तुमच्या नावाने मेल पाठवायचा अधिकार कुणाला आहे त्याची यादी, तीही डीएनएसमध्येच असते. डीकिम म्हणजे प्रत्येक मेलवर सर्व्हरने मारलेला शिक्का, वाटेत कुणी मजकूर बदलला की तो जुळत नाही. डीमार्क म्हणजे यादीत नसलेल्याने आणि शिक्काही नसताना तुमच्या नावाने मेल पाठवला तर समोरच्याने काय करावं याची तुम्ही लिहून ठेवलेली सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने हे फार कडक केलंय. पाठवणारा कितीही छोटा असो, पहिल्या दोनांतलं किमान एक लागतंच, आणि दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही. तुमच्यासारख्यांनीही तिन्ही करून ठेवावीत. पैसे लागत नाहीत.

वेबसाइटबरोबर मिळणाऱ्या मेलमध्ये मला या तक्त्यात बहुतेक वेळा दोनच गोष्टी सापडल्यात. एक तर डीकिम कुणी सुरूच केलेलं नसतं. नाहीतर एसपीएफच्या दोन ओळी असतात, एक मूळची आणि एक कुणीतरी नंतर घातलेली. डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते, दोन झाल्या की समोरचा सर्व्हर ती तपासणी चूक म्हणून सोडून देतो. दोन ओळी असतील तर जोडून एक करायची. हे दुरुस्त करून पंधरा दिवस बघा. तरीही स्पॅममध्येच जात असेल तर कारण बहुधा शेजारी आहेत. अशा स्वस्त होस्टिंगवर एका सर्व्हरवर शेकडो वेबसाइट असतात, सगळ्यांचा मेल एकाच आयपीवरून जातो. त्यातल्या एकाने घाण केली की वास सगळ्यांच्या कपड्यांना येतो. ते तुमच्या हातात नाही. तिथून निघायचं.

आता कुठे जायचं. तुमच्या आकाराच्या फर्मला तीन नावं वारंवार ऐकू येतील: झोहो मेल, गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५. मेल पोचवण्याच्या बाबतीत तिन्ही भरवशाची आहेत. झोहो चेन्नईची कंपनी, मेलमध्ये २००८ पासून आहे आणि केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे मेलसुद्धा आता त्यांच्या व्यवस्थेवर गेलेत. छोट्या स्वस्त पेट्या आणि मोठ्या महाग पेट्या एकाच डोमेनखाली मिसळून घ्यायची सोय तिथे आहे, आणि तुमचे पैसे वाचणार ते नेमके याच सोयीवर. गूगल घ्यावं ते तुमची माणसं आधीच दिवसभर गूगल शीट आणि ड्राइव्हवर काम करत असतील तर. मायक्रोसॉफ्ट घ्यावं ते एक्सेल-वर्डचे परवाने नाहीतरी विकत घेणारच असाल तर, मेल त्याच्याबरोबर येतो. नुसत्या मेलसाठी यातलं महाग पॅकेज घेऊ नका.

पण त्याहून मोठी बचत वेगळीकडे आहे. बारा पत्ते म्हणजे बारा पेट्या नव्हेत, आणि विकणारा हे स्वतःहून सांगत नाही. 'इन्फो', 'सेल्स', 'अकाउंट्स', 'क्वालिटी', 'पर्चेस' हे पत्ते माणसं नाहीत. ते एखाद्या खऱ्या पेटीला टोपणनाव म्हणून किंवा दोन-तीन माणसांचा गट म्हणून जोडता येतात, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. मायक्रोसॉफ्टमध्ये तर सामाईक पेटी ५० जीबीपर्यंत परवान्याशिवाय मिळते. तुमच्याकडे रोज बसून मेल लिहिणारी माणसं किती? तुम्ही, हे, खरेदी, क्वालिटी, डिस्पॅच आणि शॉपचा सुपरवायझर धरला तर सहा. व्हीएमसी मशीनवरच्या ऑपरेटरला मेल नको आहे, त्याला ड्रॉइंगची ताजी प्रत हवी आहे, ती प्रिंट काढून मिळते.

सहा पेट्या, त्यातल्या तुमची आणि यांची मोठी, बाकी चार साध्या. तुमच्याच दरपत्रकाने महिन्याला ५०० अधिक २४०, म्हणजे ७४०. वर्षाचे ८,८८०, १८ टक्के जीएसटी धरून १०,४७८. बारा जणांना सरसकट २५०ची पेटी दिली असती तर हेच ४२,४८० झाले असते. बिलावर फर्मचा जीएसटी क्रमांक घालून घ्या, म्हणजे कराचं क्रेडिट मिळेल. आणि ऑफिसातल्या सर्व्हरचा पाच वर्षांचा तो हिशोब आठवा, त्याचा एका वर्षाचा वाटा ५०,०००च्या वर जातो. तेवढ्यात तुमच्या या सहा पेट्या जवळजवळ पाच वर्षं चालतील. दर कमीजास्त होत असतात, सही करण्याआधी कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचा दर आणि नूतनीकरणाचा दर दोन्ही बघा. पहिल्या वर्षीची सवलत दुसऱ्या वर्षी नसते. मध्यस्थाकडून घेतलंत तर सर्वात वरचा ॲडमिन म्हणून खातं तुमचं असू द्या, त्यांचं दुय्यम. डोमेनची गोष्ट पुन्हा नको.

तुमच्या ३८ जीबींकडे येतो. हे सगळं उचलून नव्या पेटीत टाकायचा मोह होईल, कारण मोठी पेटी घेतलीच आहे. नका टाकू. चालू वर्ष आणि मागची दोन वर्षं नेली की रोजचं काम भागतं. बाकीची फाइल तुमच्या संगणकावर एकाच प्रतीत पडून आहे याची मला जास्त चिंता वाटते. आउटलूकच्या अशा फाइलची मर्यादा साधारण ५० जीबी असते, आणि त्याच्या जवळ गेल्यावर ती बिघडायला लागते. आजच आउटलूक बंद करून तिच्या दोन प्रती काढा. एक ऑफिसातल्या बाहेरच्या डिस्कवर, एक घरी. जीएसटी कायद्यानुसार हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि तुमच्या कित्येक बिलांचा, दरवाढ मान्य केल्याचा पुरावा याच मेलमध्ये असणार. ग्राहकाशी पैशांवरून वाद झाला तर हा पत्रव्यवहार न्यायालयातसुद्धा पुरावा म्हणून दाखवता येतो. म्हणून जुने मेल पुसू नका, फक्त रोजच्या पेटीतून बाजूला ठेवा.

नवीन पेट्या आयमॅप पद्धतीने जोडून घ्या. तुमचे मेल आज एकाच संगणकात साठलेत, ते जुन्या पॉप पद्धतीमुळे. त्यात मेल सर्व्हरवरून उतरवून घेतला जातो आणि बहुतेक वेळा तिकडचा पुसला जातो. आयमॅपमध्ये मूळ मेल सर्व्हरवर राहतो, फोनवर वाचला की संगणकावरही वाचलेला दिसतो.

बदल करताना घाबरू नका. आधी डीएनएसमधल्या एमएक्स ओळीचा टीटीएल, म्हणजे जगाने ती ओळ किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा, दोन दिवस अगोदर ३०० सेकंदांवर आणा. नव्या पेट्या, गट, टोपणनावं तयार करा, जुने मेल आत घ्या. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी एमएक्स बदला, त्याच वेळी एसपीएफमध्ये नवं नाव घाला आणि डीकिम सुरू करा. मधल्या काळात काही चुकलं आणि दोन-चार तास मेल घ्यायला कुणीच नसलं तरी पाठवणारा सर्व्हर मेल टाकून देत नाही, तो काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. जुनं होस्टिंग महिनाभर चालू ठेवा आणि रोज एकदा तिथे डोकावा, मागे राहिलेला एखादा मेल तिथे पडलेला सापडतो. डीमार्क आधी नुसत्या बघण्यावर ठेवा, महिनाभराने सगळं नीट चाललंय असं दिसलं की कडक करा.

बदलानंतरच्या सोमवारी जे अडेल तेही सांगतो. टॅलीमधून बिलं मेलने जात असतील तर तिथे जुन्या सर्व्हरचं नाव आणि पासवर्ड भरलेला आहे. स्कॅन करून थेट मेल करणाऱ्या प्रिंटरमध्ये तेच. वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म, तोही जुन्याच सर्व्हरवरून मेल पाठवतो, आणि तो बंद पडला तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही, फक्त इन्क्वायरी यायच्या थांबतील. तिन्ही ठिकाणी नव्या सर्व्हरचं नाव, ५८७ किंवा ४६५ पोर्ट आणि त्या यंत्रासाठी वेगळा काढलेला ॲप पासवर्ड घालावा लागेल. फार जुना प्रिंटर नवी सुरक्षित जोडणी बोलू शकत नाही, मग स्कॅन पेन ड्राइव्हवर घ्यायचं.

मोठ्या ड्रॉइंगबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तो प्रश्न तुम्हाला येणारच. मेलला जोडलेली फाइल वाटेत साधारण एक तृतीयांशाने फुगते, कारण ती अक्षरांत बदलून पाठवली जाते. २२ एमबीचं ड्रॉइंग ३० एमबीच्या जवळ जातं आणि समोरच्याची मर्यादा २५ची असेल तर परत येतं. हे कुठलाही सर्व्हर घेतला तरी होणार. अशा फाइल ग्राहकाच्या पोर्टलवर चढवा किंवा लिंक द्या, आणि लिंक उघडते का ते त्याच्याच माणसाला आधी विचारा.

'सारखं बघावं लागणार नाही' असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक ओझं भाड्याच्या पेटीत उतरतं, पण एक गोष्ट तुमच्याकडेच राहते आणि मी ती कळकळीने सांगतो. सहाही पेट्यांना दोन पायऱ्यांची पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोड. त्या शनिवारी आमच्याकडे ती असती तर काही झालं नसतं. आजकाल पासवर्ड चोरणारे लगेच स्पॅम पाठवत नाहीत. ते गुपचूप तुमचे मेल वाचत बसतात, स्वतःकडे प्रत जाईल असा नियम पेटीत लावून ठेवतात, आणि मोठं बिल निघालं की तुमच्या नावाने ग्राहकाला लिहितात, 'आमचं बँक खातं बदललंय.' ग्राहक पैसे भरतो, तुम्ही वाट बघत राहता. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक पेटीत फॉरवर्डचे नियम कोणते आहेत ते बघा, पाच मिनिटांचं काम. आणि तुमच्या सगळ्या ग्राहकांना आणि फाउंड्रीला आत्ताच कळवून ठेवा की बँक खातं बदलल्याचा मेल आला तर जुन्या नंबरवर फोन केल्याशिवाय एक रुपया भरायचा नाही, आणि तुम्हीही भरणार नाही. तरीही कुणाचे पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० वर फोन. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

त्या मुलाला फोन करताना यांना बरोबर बसवा, आणि डोमेन तुमच्या खात्यात दिसल्याशिवाय कुणालाही आगाऊ पैसे देऊ नका. 'शो ओरिजिनल'मध्ये तिन्ही ओळींपुढे काय आलं ते मला लिहा. एसपीएफची ओळ आहे तशी उतरवून पाठवलीत तर ती कशी हवी ते मी लिहून देतो.